मुरलेलं आणि पाणी घातलेलं: लांबलचक शोनेन मालिका बघण्याआधी

"मामा, वन पीस बघू की नारुतो?"

बारावीची परीक्षा देऊन मोकळ्या झालेल्या भाचीने विचारलं, आणि उत्तर द्यायच्या आधी मी फोनवर गुणाकार केला. दोन्ही ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका. वन पीसचे अकराशेच्या वर भाग झालेत. भाग चोवीस मिनिटांचा धरला तर ४४० तास. रोज दोन तास नेमाने बसलं तरी सात महिने जातात. नारुतोचे दोन्ही टप्पे मिळून ७२० भाग. ब्लीचचे जुने ३६६. ड्रॅगन बॉल झेडचे २९१, आणि त्याआधीच्या नुसत्या ड्रॅगन बॉलचे १५३ वेगळेच. एवढा वेळ मागणाऱ्या गोष्टीबद्दल "चांगली कोणती" हा प्रश्न अपुरा पडतो. चांगल्या सगळ्याच आहेत, आणि कुठे ना कुठे जीव नकोसा करणाऱ्याही सगळ्याच आहेत. कुठली मालिका कुठे कंटाळा आणते आणि का, एवढं कळलं तर निवडणं सोपं जातं.

टीव्हीवरच्या मालिका बघणाऱ्या मराठी घरात वाढलेल्यांना यातलं अर्धं आधीच ठाऊक असतं. नायिकेने दार उघडायला तीन दिवस लावले की आजी म्हणतेच, "पाणी घालायला लागले आता." जपानी ॲनिमेतही पाणी घालतात. फक्त तिथला नळ वेगळ्या कारणाने सुटतो.

आधी साप्ताहिक, मग टीव्ही

शोनेन या जपानी शब्दाचा अर्थ मुलगा, किशोर. हा कथेचा प्रकार नाही, दुकानातला कप्पा आहे: किशोरवयीन मुलांसाठी निघणाऱ्या मांगा-नियतकालिकांचा. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. शोनेन मॅगझिन आणि शोनेन संडे ही दोन साप्ताहिकं १९५९ साली निघाली, शोनेन जम्प १९६८ साली. यातलं जम्प पुढे इतकं फोफावलं की १९९०च्या दशकाच्या मध्यावर त्याच्या एकेका अंकाच्या ६५ लाखांहून जास्त प्रती निघत होत्या. ड्रॅगन बॉल, वन पीस, नारुतो, ब्लीच, हंटर हंटर ही सगळी जम्पचीच पोरं.

जम्पचं घोषवाक्य तीन शब्दांचं: मैत्री, प्रयत्न, विजय. पण त्या अंकाचा खरा मालक होता अंकासोबत येणारं पोस्टकार्ड. वाचकांनी आवडत्या कथांची नावं त्यावर लिहून पाठवायची. वर राहिलेल्या कथा चालू, तळाशी गेलेल्या काही महिन्यांत बंद. म्हणजे लेखक-चित्रकाराने दर आठवड्याला एकोणीस-वीस पानं काढायची, शेवटच्या चौकटीत वाचकाला अडकवायचं, आणि आपली गोष्ट दहा आठवडे जगणार की दहा वर्षं हे माहीत नसताना पुढचं कथानक रचायचं. अकिरा तोरियामा यांचा ड्रॅगन बॉल १९८४ साली सुरू झाला तेव्हा ती एक खोडकर भटकंतीची गंमतगोष्ट होती. लोकप्रियता ढिली पडू लागली तेव्हा त्यात कुस्त्यांची स्पर्धा आली, वाचक खूश झाले, आणि गोष्टीने कायमचं वळण घेतलं. ती १९९५पर्यंत चालली, ५१९ प्रकरणं. एइचिरो ओदा यांनी १९९७ साली वन पीस सुरू केलं तेव्हा पाच वर्षांत आटपेल असा त्यांचा अंदाज होता. अजून आटपायचंय.

या पद्धतीत गोष्ट आधी बेतून शिवता येत नाही. अंगावर असतानाच वाढवावी लागते. लांब शोनेन मालिकांचं सगळं बळ आणि सगळं दुखणं इथूनच निघतं.

गाडी मागच्या गाडीला गाठते तेव्हा

आता टीव्हीचं गणित. मांगाचं एक प्रकरण एकोणीस पानांचं. टीव्हीचा भाग म्हणायला अर्ध्या तासाचा, पण जाहिराती, सुरुवातीचं गाणं, शेवटचं गाणं, मागच्या वेळी काय झालं याची उजळणी आणि पुढच्या भागाची झलक वजा केली की गोष्टीला सतरा-अठरा मिनिटं उरतात. नीट वेगाने सांगायचं तर एका भागात मांगाची दोन-तीन प्रकरणं सहज मावतात. मांगा मात्र आठवड्याला एकच प्रकरण पुढे सरकतो, शिवाय लेखकाच्या सुट्ट्या. म्हणजे ॲनिमे जितका नेटका, तितका तो मूळ गोष्टीला लवकर गाठणार. आणि गाठलं की पुढे रूळच नाहीत.

त्यात टीव्हीवरची ठरलेली वेळ सोडता येत नाही. सोडली तर दुसरं कुणी बसतं. खेळणी, गेम, कार्डं विकणाऱ्यांचं वेळापत्रक त्या वेळेला बांधलेलं असतं. मग स्टुडिओपुढे मोजके रस्ते उरतात. एकतर आहे त्या गोष्टीत पाणी घाला. नाहीतर मूळ गोष्टीत नसलेला भराव टाका, ज्याला चाहते फिलर म्हणतात. नाहीतर स्वतःच शेवट रचून मोकळे व्हा, जसं २००३च्या फुलमेटल अल्केमिस्टने केलं. नाहीतर सरळ थांबा. इनुयाशा २००४ साली १६७ भागांवर अशीच अर्ध्यात थांबली, मांगा पूर्ण झाल्यावर २००९ साली परत आली आणि २६ भागांत संपली.

डिटेक्टिव्ह कॉननला हा त्रास जवळजवळ नाही. १९९६पासून चालू आहे, भाग हजाराच्या वर, पण प्रत्येक गुन्हा सुटा. मधे चार गुन्हे स्टुडिओने स्वतःचे घातले तरी कुणाला टोचत नाही. सतरा वर्षांचा हुशार पोरगा विष पाजल्यामुळे सात वर्षांचा होतो, आणि इतकी वर्षं झाली तरी तेवढाच आहे. एकच सलग कथा सांगणाऱ्यांना ही चैन परवडत नाही.

ड्रॅगन बॉल झेड: पाच मिनिटांची गोष्ट

पाण्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण नामेक ग्रहावरचं. खलनायक फ्रीझा ग्रहाच्या गाभ्यावर घाव घालतो आणि सांगतो, पाच मिनिटांत हा ग्रह फुटणार. ती पाच मिनिटं टीव्हीवर दहाएक भाग चालतात. नायक गोकू ओरडतो, खडक हवेत उठतात, लांब उभं असलेलं कुणीतरी थक्क होतं, आकाश लाल होतं, आणि भाग संपतो.

हिंदीतला ड्रॅगन बॉल झेड मी केबलवर बघितला. त्या वर्षांत आमच्या गावात संध्याकाळी भारनियमन असायचं, आणि आठवड्यातले दोन-तीन भाग हमखास बुडायचे. काही बिघडायचं नाही. वीज आल्यावर टीव्ही लावावा तर गोकू तिथेच उभा राहून शक्ती गोळा करत असायचा. वीज मंडळाच्या वेळापत्रकाला साजेशी मालिका मी दुसरी पाहिली नाही.

यात पाणी नेमकं किती होतं ते नंतर मोजता आलं. २००९ साली तोएई स्टुडिओने हीच मालिका ड्रॅगन बॉल काई नावाने नव्याने कापली. सेल नावाच्या खलनायकापर्यंतची जी कथा आधी १९४ भागांत होती, ती ९८ भागांत बसली. म्हणजे निम्मं दूध, निम्मं पाणी. आज नव्याने बघणाऱ्याला मी डोळे झाकून काई सांगेन, पण एक चुकचुक राहते. गोकू आणि पिक्कोलो गाडी चालवायचा परवाना काढायला जातात तो भाग भरावाचा, काईत नाही, आणि अख्ख्या मालिकेतल्या सगळ्यात मजेदार भागांपैकी तो एक आहे. जग नष्ट करू शकणारे दोन पैलवान ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरापुढे गार पडतात. भराव म्हणजे टाकाऊच, हा चाहत्यांचा नियम तिथे मोडतो.

शक्तीची महागाई

ड्रॅगन बॉल झेडचं दुसरं दुखणं जास्त खोल आहे आणि ते पुढे सगळ्यांना लागलं. यात डोळ्यावर लावायचं एक यंत्र येतं, समोरच्याची ताकद आकड्यात सांगणारं. सुरुवातीला शेतात भेटलेल्या साध्या माणसाचा आकडा पाच. थोड्या भागांनी आलेल्या व्हेजिटाचा १८,०००. त्यानंतर फ्रीझा थंडपणे सांगतो, माझा ५,३०,०००, आणि हे त्याचं पहिलंच रूप. नव्वदीत पाच रुपयांना मिळणारी वस्तू एकाच पावसाळ्यात पाच लाखांची व्हावी तसं. जपानी चाहतेही याला इन्फ्लेशनच म्हणतात. शेवटी लेखकालाच आकडे सोडून द्यावे लागले, कारण पुढे काय लिहिणार?

महागाईत सगळ्यात आधी मरतो तो ठरलेल्या पगारावर जगणारा. इथेही तसंच. यामचा, तेन्शिनहान, क्रिलिन हे एके काळचे तगडे गडी, पाच-सहा वर्षांत ते मैदानाच्या कडेला उभे राहून "काय ही ताकद!" म्हणायच्या कामाला लागले. लढाईआधी कोण जिंकणार हे आकड्यावरून कळू लागलं की युक्तीला किंमत उरत नाही. उरतं ते नवं रूप आणि केसांचा नवा रंग. गोकूच्या सुपर सायन या रूपाचे केस सोनेरी का, यामागे तोरियामांनी सांगितलेलं कारण फार लोभस आहे: काळे केस प्रत्येक चौकटीत शाईने भरत बसण्याचा सहायकाचा वेळ त्यांना वाचवायचा होता. आठवड्याच्या धावपळीने दिलेलं इतकं सुंदर फळ दुसरं नसेल.

या महागाईवर इतरांनी काय औषध काढलं त्यावरून त्या मालिकांची प्रकृती कळते. वन पीसमध्ये ताकदीऐवजी डोक्यावरचं इनाम वाढतं. नायक लुफी हा समुद्री चाचा. त्याचं पहिलं इनाम तीन कोटी बेरी (तिथलं चलन), आता तीनशे कोटी. पण हा आकडा ताकद सांगत नाही, सरकारला त्या माणसाची किती भीती वाटते ते सांगतो. म्हणून जहाजावरच्या डॉक्टरवर, बोलणाऱ्या छोट्या रेनडिअरवर, सरकार फक्त ५० बेरी लावतं. पाळीव प्राणी समजून. मोठ्या लढाया झाल्यावर ते वाढून शंभर होतं. आकडा विनोदालाही लागतो आणि राजकारणालाही. महागाई आहेच, पण पोटात दुखत नाही.

हंटर हंटरचं औषध त्याहून कडक. तिथे ताकद मिळवायची तर स्वतःवर अट घालून घ्यावी लागते, आणि अट जेवढी जाचक तेवढी ताकद मोठी. कुरापिका नावाच्या मुलाने आपली साखळी एका विशिष्ट टोळीवरच चालेल अशी शपथ घेतलीय. इतर कुणावर चालवली तर त्याचाच जीव जाईल. अशा जगात कमजोर माणूस डोकं चालवून बलवानाला गाठू शकतो. लढाई आपोआप बुद्धिबळाकडे झुकते.

नारुतो: सुरुवात सोन्याची, मधे रेती

मासाशी किशिमोतो यांचा नारुतो मांगा १९९९ ते २०१४ चालला, ७०० प्रकरणं. टीव्हीवर आधी २२० भागांचा नारुतो, मग २००७ ते २०१७ या दहा वर्षांत ५०० भागांचा नारुतो शिप्पुदेन.

माणसाच्या मनात शिरायचं काम या चौघांत नारुतोला सगळ्यात चांगलं जमतं, असं मला वाटतं. गावाने वाळीत टाकलेला अनाथ पोरगा, आणि त्याच्यासमोर येणारा जवळजवळ प्रत्येक खलनायक म्हणजे तोच पोरगा, ज्याला वेळेवर कुणी भेटलं नाही. पहिल्या एकोणीस भागांतली पुलावरची कथा बघा. शत्रूच्या मृत्यूवर रडायला येतं, आणि तेही मालिका जेमतेम सुरू झालेली असताना. लढायाही तेव्हा जमिनीवर होत्या: सावलीने पकडायचं, दोऱ्याने अडवायचं, हाताच्या मुद्रा मोजायच्या. रॉक ली नावाच्या पोराला कुठलीच जादू येत नाही, नुसता घाम येतो, आणि अठ्ठेचाळिसाव्या भागात तो पायांतली वजनं सोडतो तेव्हा अंगावर काटा येतो.

मग १३५व्या भागापाशी ॲनिमेने मांगाला गाठलं. त्यानंतर २२०पर्यंत जवळजवळ सगळा भराव. दीड वर्षाच्या वर. नव्या प्रेक्षकाला माझा सल्ला: १३५ झाला की सरळ शिप्पुदेन लावा. फक्त १०१वा भाग सोडू नका. तोही भराव आहे, पण त्यात तीन पोरं गुरू काकाशीच्या मुखवट्यामागचा चेहरा बघायचा जंग जंग पछाडतात.

शिप्पुदेनमध्ये रेती सांडते ती महायुद्धात. २०१२च्या सुमारास सुरू झालेलं युद्ध टीव्हीवर २०१६पर्यंत चालतं. ऐन प्रसंगात भूतकाळ, त्या भूतकाळात आणखी एक भूतकाळ. एकाच झोक्यावर बसलेला एकटा नारुतो किती वेळा दाखवला याची मोजदाद चाहत्यांनी विनोदापुरती का होईना ठेवली आहे. पण लांबीपेक्षा मला खुपतं ते वेगळं. जो मुलगा "प्रयत्नाने नशीब बदलता येतं" म्हणत उभा राहिला, तो निघतो थेट गावच्या प्रमुखाचा मुलगा आणि पुढे तर एका पुराणपुरुषाचा अवतार. रॉक लीच्या घामाचं मग काय? मेहनतीची गोष्ट हळूहळू घराण्याची गोष्ट झाली. आणि साकुरा, जी नारुतोच्या तिघांच्या चमूतली एक, तिला लेखकाने जन्मभर दुसऱ्या दोघांची वाट बघायला लावली.

यातलं किती मूळ आराखड्यात होतं आणि किती पंधरा वर्षांच्या रेट्याने आलं, कोण सांगणार. रेटा मात्र जाणवतो.

ब्लीच: देखणी आणि अधीर

ताइतो कुबो यांचा ब्लीच म्हणजे वेषभूषा. काळे किमोनो, पांढरे अंगरखे, प्रत्येक तलवारीला नाव आणि त्या नावाची हाक. मृतात्म्यांच्या नगरीत तेरा पथकं, तेरा सेनापती, आणि पहिल्या मोठ्या कथेत नायक इचिगो आपल्या मैत्रिणीला देहदंडातून सोडवायला त्या नगरीत घुसतो. हा २१ ते ६३ भागांचा पट्टा शोनेनमधल्या उत्तम पट्ट्यांपैकी आहे, आणि त्यातला शेवटचा धक्का अजूनही कामाला येतो.

दुखणंही तिथेच जन्मलं. कुबोंची पानं मोकळी, चौकटी मोठ्या, मागे रिकामा पांढरा. दिसायला झोकदार, पण वाचायला दोन मिनिटांत संपणारी. म्हणजे एका भागात बघता बघता चार प्रकरणं खपतात आणि ॲनिमे मांगाच्या मानगुटीवर बसतो. मग स्टुडिओने जे केलं त्याची शिवी चाहत्यांच्या तोंडी अजून आहे. शत्रूच्या वाळवंटात मुख्य पात्रं जीव धोक्यात घालून लढतायत, लढाई ऐन रंगात, आणि १६८व्या भागापासून अचानक एका नव्याच सेनापतीची, मूळ गोष्टीत कुठेच नसलेली कथा. बावीस भाग. पाच महिने. कीर्तनकाराने आख्यानाच्या टोकावर टाळ खाली ठेवून शेजारच्या गावची बातमी सांगायला बसावं तसं. मग १९०व्या भागात पुन्हा वाळवंट, जणू काही झालंच नाही.

२०१२ साली मालिका बंद पडली. मांगाची शेवटची कथा टीव्हीवर आली २०२२ साली, दहा वर्षांनी, आणि यावेळी तेरा-चौदा भागांच्या गठ्ठ्यांत, गठ्ठ्यांमध्ये भरपूर अंतर ठेवून. मांगाचा शेवट घाईत उरकल्यासारखा होता. ॲनिमेत कुबोंनी लक्ष घालून त्यात राहून गेलेलं बरंच भरलं. उशीर झाल्याचा फायदा झालेली ही विरळा मालिका. ज्यांना ३६६ भागांची धास्ती वाटते त्यांनी ६३पर्यंत जरूर बघावं, मग भराव गाळून पुढे जावं.

वन पीस: सगळ्यात जास्त पाणी, सगळ्यात खोल मुरण

वन पीसने भराव कमी टाकला. त्यांनी पाणी घातलं, आणि किती घातलं ते मोजता येतं. ड्रेसरोझा नावाच्या राज्याची कथा मांगात साधारण १०२ प्रकरणांची. ॲनिमेत तिचे ११८ भाग झाले. म्हणजे एकोणीस पानांचं एक प्रकरणही एका भागात संपत नाही. धावणारा माणूस धावतच राहतो. प्रत्येक पात्राचं थक्क होणं वेगवेगळं दाखवलं जातं. मागच्या भागाची उजळणी चार-चार मिनिटं. नारुतोत भराव टाळून पुढे जाता येतं. इथे पाणी दुधातच मिसळलेलं, गाळणार कसं? वन पीसच्या वाटेला जाणाऱ्याने हे आधी समजून घ्यावं. पहिले तीन-चारशे भाग वेग चांगला आहे, खरा त्रास त्यानंतरचा.

आणि तरीही चौघांत मी हिलाच वर ठेवतो. का, ते सांगायला एक उदाहरण द्यावं लागेल. ज्यांना काहीच आधी कळायला नको त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडावेत.

लुफीचं जहाज मोठ्या समुद्राच्या तोंडाशी येतं तिथे लाबून नावाचा प्रचंड देवमासा भेटतो. तो खडकाच्या भिंतीवर डोकं आपटत असतो. पन्नास वर्षांपूर्वी काही समुद्री चाचे त्याला पिल्लू असताना तिथे ठेवून गेलेले, परत येतो म्हणून सांगून. ते आले नाहीत. लुफी त्याच्याशी भांडण उकरून काढतो, मग त्याच्या डोक्यावर आपली खूण रंगवतो आणि सांगतो, आपलं भांडण अपुरं आहे, मी परत येईन, तोवर डोकं आपटू नकोस. दोन भागांचा प्रसंग. गोड आहे, आपण विसरून जातो.

पावणेतीनशेच्या आसपास भागांनी धुक्यात एक मोडकं जहाज दिसतं आणि त्यावर एकटाच एक गाणारा सांगाडा. ब्रूक. फाजील विनोद करणारा, हाडांवर हसणारा. आणि मग कळतं की तो लाबूनला सोडून गेलेल्या त्या टोळीतला शेवटचा. सगळे साथीदार गाणं म्हणता म्हणता एकेक करून गेले. ते गाणं त्याने लाबूनसाठी जपून ठेवलंय, आणि पन्नास वर्षं एकटा काढलीत. मांगात या दोन टोकांमध्ये आठेक वर्षं गेली. १९९९ साली जे पोर शाळेत लाबूनची गोष्ट वाचत होतं ते दुसरं टोक हातात येईतो कॉलेजात पोचलं होतं. हे बारा भागांच्या मालिकेत करून दाखवता येत नाही. कुठलाही दिग्दर्शक दोन तासांत करू शकत नाही. त्यासाठी मधली वर्षं खरोखर जावी लागतात. लोणचं मुरायला लागतात तशीच.

कच्चे दुवेही आहेत. ओदांना पात्रं टाकून देववत नाहीत, त्यामुळे प्रत्येक बेटावर वीस नवी माणसं येतात आणि उसोप, नामी, चॉपर या लुफीच्या जुन्या साथीदारांच्या वाट्याला घास कमी येतो. बायकांची चित्रं वर्षांगणिक एकाच साच्यातली झाली. मरण टाळायची सवय इतकी की एखादा खरंच मेला तरी आपण दोन आठवडे विश्वास ठेवत नाही.

हात किती आणि आठवडे किती

चित्राच्या दर्जाबद्दल थोडक्यात. दर आठवड्याला भाग द्यायचा तर स्टुडिओ एकाच वेळी अनेक चमू कामाला लावतो. एक चमू हा भाग करतोय, दुसरा पुढचा, हालचालीतली मधली चित्रं बाहेरच्या लोकांकडून काढून घेतली जातात. तोएईचा तर फिलिपिन्समध्येच स्टुडिओ आहे. म्हणून एकाच मालिकेत या आठवड्याला थक्क करणारा भाग आणि पुढच्या आठवड्याला नाक वाकडं झालेला नायक. नारुतोतली धबधब्याखालची झुंज बघा आणि तिच्या आगेमागचे भाग बघा. गिंतामासारखी मालिका तर पैसे संपल्याचे विनोद स्वतःच करते, आणि स्थिर चित्र दाखवून पात्रांना नुसतं बोलायला लावते. बाकीच्यांना तेवढं धाडस नाही.

गेल्या काही वर्षांत पद्धतच बदलली. डेमन स्लेअर २०१९ साली आली, २६ भागांची. मग २०२० साली चित्रपट, ज्याने जपानात चाळीस अब्ज येनहून जास्त कमाई केली. मूळ मांगा लोकप्रियतेच्या शिखरावर २०५ प्रकरणांत संपवून लेखक मोकळे. पाणी नाही, भराव नाही, प्रत्येक भाग डोळ्यांत भरणारा; तिचा २०२५चा चित्रपट आपल्याकडच्या थिएटरांतही हिंदीसह लागला. बहुतेक नव्या मोठ्या मालिका अशाच, हंगामाहंगामाने येतात.

याचीही किंमत आहेच. वाट बघणं हा एक भाग: अटॅक ऑन टायटन शंभराच्या आत भाग असूनही २०१३ ते २०२३ पसरली. दुसरी किंमत कमी दिसते. हंगामाच्या मालिकेत कुणाला रिकामं बसायला वेळ नसतो. जहाजावर जेवायला बसलेली, उगाच भांडणारी, काहीही न घडणारी वीस मिनिटं नाहीत. ड्रायव्हिंग लायसन्सचा भाग नाही. पात्रं आपल्याला आवडतात, पण शेजारी होत नाहीत.

मधला मार्ग हंटर हंटरच्या २०११च्या मालिकेने दाखवला होता. मांगा भरपूर पुढे असताना सुरू केली, दर आठवड्याला चालवली आणि १४८ भागांत, जवळपास भरावाशिवाय, मान राखून थांबवली. तिच्यातही एक राजवाड्यावरचा हल्ला आहे, काही मिनिटांचा, तो कितीतरी भाग चालतो. तीच ताणाताणी, पण हेतुपुरस्सर: निवेदक एकेका क्षणाचं शवविच्छेदन करत जातो आणि छातीत धडधड वाढते. एकच दोष, आणि तो मोठा. गोष्ट पूर्ण नाही. मांगाकार योशिहिरो तोगाशी यांना पाठीच्या दुखण्याने वर्षानुवर्षं बसता येत नाही, मांगा अधूनमधून येतो. साप्ताहिकाचं गणित शेवटी कुणाच्या पाठीवर पडतं, हेही यात आलंच.

वन पीसवाल्यांनीही आता हिशोब बदललाय. २०२४च्या अखेरीला त्यांनी सहा महिने नवे भाग थांबवले आणि तेवढ्यात मत्स्यमानवांच्या बेटाची जुनी कथा पाणी काढून २१ भागांत दाखवली. २०२६पासून वर्षाला जास्तीत जास्त २६ भाग, असं जाहीर केलं. पंचवीस वर्षं दर आठवड्याला वाहणारा नळ त्यांनी स्वतःहून बारीक केला.

भाचीला मी इतकं सगळं सांगितलं नाही. थोड्या दिवसांत संपणारं हवं असेल तर हंटर हंटर, रडायचं असेल तर नारुतोचे पहिले १३५, आणि वेळच वेळ असेल तर वन पीस, एवढंच म्हणालो. तिने वन पीस लावलं. परवा तिचा मेसेज आला: "मामा, तो डोकं आपटणारा देवमासा परत येतो का रे?"

मी लिहिलं, "बघ पुढे."